फोकसकाकांच्या डोक्याचा खटला

फोकसकाकांना खटला जिंकण्याची इतकी खात्री होती, की तक्रार लिहायच्या आधीच त्यांनी सुनावणीला घालायचा कोट इस्त्रीला टाकला. "कंपनीला आडवी करतो की नाही बघ," ते मेहुण्याला म्हणाले. मेहुणा वकील होता. भाऊजींसमोर बसला की तो नेहमी आधी पाणी मागायचा.

काकांचा फोटो स्टुडिओ होता, आणि लोकांनी त्यांना फोकस हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. "हनुवटी खाली, हलू नका," हे ते दिवसभर म्हणायचे आणि कधीकधी जेवतानाही म्हणायचे. कोणाचा दात बसवलेला आहे, कोणाच्या भुवया पेन्सिलीच्या आहेत, हे त्यांना गिऱ्हाईक दारात असतानाच कळायचं. एवढी नजर असलेल्या माणसाची पक्की समजूत होती, की आपल्या डोक्यावरचे केस विकतचे आहेत हे जगात कोणालाही माहीत नाही. अगदी बायकोलाही नाही. रात्री ते बारा महिने कानटोपी घालून झोपायचे. आपल्याला सर्दीचा त्रास आहे, असं त्यांनी फार पूर्वीच घरात जाहीर करून टाकलं होतं. सकाळी काकू उठायच्या आत ते आरशासमोर उभे राहून टोप बसवायचे, आणि तो मनासारखा बसला की खुशीत शीळ घालायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी टोपाच्या कंपनीचा निरोप आला. आमच्या ग्राहकांची काही माहिती परक्या हाती लागली असण्याची शक्यता आहे, तरी काळजीचं कारण नाही, असा एकंदर सूर होता. काकांनी तो वाचला आणि काळजी केली नाही. ते एका गृहस्थांचा पासपोर्टचा फोटो काढत होते. तेवढ्यात फोन वाजला. हातात कॅमेरा असल्याने त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर नमस्कार," एक गोड आवाज स्टुडिओभर घुमला, "आपल्या टोपासाठी आमच्याकडे घाम आला तरी न सुटणारा डिंक आहे. आपलं टक्कल पुढून मागपर्यंत आहे ना?"

स्टुलावरचे गृहस्थ हलले नाहीत, कारण हलू नका असं त्यांना सांगितलेलं होतं. फक्त त्यांचे गाल थरथरत होते. कोपऱ्यात संगणकावर लोकांचे मुरूम पुसत बसलेली मदतनीस मुलगी एकदम टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागली. "राँग नंबर," काका म्हणाले. आवाजाने त्यांचं नाव, पत्ता आणि डोक्याचा घेर वाचून दाखवला.

त्या संध्याकाळी मेहुण्याला बोलावणं गेलं.

"काय काय फुटलंय भाऊजी?" मेहुण्याने विचारलं.

"नाव, पत्ता, फोन, डोक्याचं माप. आणि डोक्याचे फोटो, तिन्ही बाजूंनी." काकांनी कॉलर सारखी केली. "मीच काढलेले आहेत. उजेड उत्तम पडलाय. पण म्हणून काय झालं?"

मेहुण्याने नीट समजावून सांगितलं. आधी कंपनीला लेखी विचारायचं, की माझं नेमकं काय फुटलं आणि तुम्ही काय केलंत. आपली सगळी माहिती पुसून टाका असंही सांगता येतं. भागलं नाही तर ग्राहक मंचात नुकसानभरपाई मागायची. "शिवाय तुमच्यासारखे बाकीचे ग्राहक असतीलच. सगळ्यांनी मिळून तक्रार केली तर वजन पडतं."

"सगळ्यांनी मिळून?" काका म्हणाले. "अरे, म्हणजे टोपवाल्यांनी एका हॉलमध्ये जमायचं? कोण येईल? मीसुद्धा येणार नाही."

कंपनीकडून उत्तर आलं ते साखरेत घोळवलेलं होतं. आपला विश्वास हीच आमची ठेव, वगैरे. तेव्हा मंचात जायचं ठरलं. पण मेहुण्याने एक अडचण काढली. "नुकसान दाखवावं लागेल भाऊजी. तुमचं गुपित फुटलं, तर ते कोणाला तरी नव्याने कळलं असलं पाहिजे. असा एक साक्षीदार हवा, ज्याला आधी ठाऊक नव्हतं आणि या भानगडीमुळे कळलं."

"एक काय मागतोस! रांग लावतो. फक्त तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये."

मेहुण्याला ठसका लागला. त्याने आणखी पाणी मागितलं.

काकांनी सुरुवात स्टुडिओतूनच केली. मदतनीस मुलीला समोर बसवून ते गंभीरपणे म्हणाले, "त्या दिवशी फोनवर जे ऐकलंस, त्याने तुला धक्का बसला असेल."

"नाही काका."

"थोडा तरी?"

"काका, पंखा मी कायम एकवर का ठेवते? उन्हाळ्यात गिऱ्हाईकं ओरडतात, तरी वाढवत नाही."

काकांना आजवर वाटायचं की पंखाच बिघडलाय. ते उठून शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाला म्हणाला, "चष्म्याची दांडी कानावर बसवताना कळणारच ना हो. पण आपण कशाला बोला?" समोरचा किराणावाला म्हणाला, की तो दर वेळी माळ्यावरचे डबे आधीच खाली काढून ठेवतो, काकांना मान वर करायला लागू नये म्हणून. पासपोर्टवाल्या गृहस्थांना काकांनी मुद्दाम फोन लावला. ते म्हणाले, "मला नव्हतं माहीत, पण स्टुडिओत शिरतानाच बायकोने सांगितलं, त्यांच्या केसांकडे बघू नका." एवढी सगळी माणसं इतकी वर्षं आपली काळजी घेत होती, याने काकांचं मन भरून यायला हवं होतं. त्यांना मात्र भयंकर राग आला. साक्षीदार म्हणून एकही धड निघेना.

शेवटचा हुकमी एक्का म्हणून त्यांनी व्याह्यांना फोन केला. व्याही परगावी राहत आणि भेटीगाठी बेताच्याच होत. त्यांना कळणं शक्यच नव्हतं.

"अहो, लग्नातच कळलं," व्याही मोकळेपणाने म्हणाले. "सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायला तुम्ही टायमर लावून पळत आलात, आठवतंय? तेव्हा तो फिरला. तुमचा भांग फोटोत कानावर आलाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ही म्हणाली, विहीणबाईंना वाईट वाटेल. त्या फ्रेमच्या कोपऱ्यात आम्ही सुकलेली फुलं खोचून ठेवलीत. फोटो एकदम छान दिसतो."

काकांनी फोन ठेवला. विहीणबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, वाईट वाटेल याचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरू पाहत होता. त्यांनी तो शिरू दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोप बसवताना त्यांनी शीळ घातली नाही.

तरी माणूस हटणारा नव्हता. "साक्षीदार नसला तर नसू दे," ते मेहुण्याला म्हणाले. "सत्य आपल्या बाजूला आहे, आणि कोट इस्त्री होऊन आलाय."

सुनावणीला गर्दी झाली. काकांनी साक्षीदार शोधत अख्खा रस्ता पालथा घातला होता, त्यामुळे अख्खा रस्ताच आला होता. मंचाच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत होत्या. कंपनीचा वकील तरुण आणि तुकतुकीत होता. तो उठला आणि हसतमुखाने म्हणाला, "माहिती फुटली हे आम्ही नाकारत नाही. पण तक्रारदारांचं नुकसान काय? ज्यांना हे आधीपासून माहीत होतं, त्यांनी कृपया हात वर करावेत."

मदतनीस मुलीचा हात वर गेला. चष्मेवाल्याचा गेला, किराणावाल्याचा गेला. मागच्या बाकावर खास परगावाहून आलेले व्याही होते, त्यांनी दोन्ही हात वर केले, एक घरच्यांच्या वतीने. काकांनी मोठ्या आशेने मेहुण्याकडे पाहिलं. त्याचा हात खांद्यापर्यंत येऊन अवघडला होता.

"तू सुद्धा?"

"कोर्टात खोटं कसं बोलू भाऊजी?" मेहुणा पुटपुटला. मग घसा खाकरून म्हणाला, "आमचा एक साक्षीदार बाकी आहे."

दारातून काकू आत आल्या. काकांनी आधी मान खाली घातली, मग टोपाला हात लावला, आणि मग हात कुठे ठेवावा हे न सुचून तो खिशात घातला. त्यांच्या स्टुलावर आजवर कोणतंही गिऱ्हाईक इतकं अवघडून बसलं नव्हतं.

"तुम्हाला आधी माहीत होतं?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," काकू म्हणाल्या.

"झालं तर मग. नुकसान नाही."

"थांबा, माझं संपलं नाही. मला माहीत होतं. पण मला माहीत आहे, हे यांना माहीत नव्हतं. मी रोज यांच्या आधी जागी व्हायचे आणि डोळे मिटून पडून राहायचे. हे आरशासमोर उभे राहायचे. टोप बसला की शीळ घालायचे. इतकी बेसूर शीळ कोणी घालत नाही, पण ती ऐकली की मला वाटायचं, चला, आज यांचं सगळं ठीक आहे. मग मी उठायचे." काकूंनी पदराने नाक पुसलं. "तुमच्या कंपनीने घोळ घातल्यापासून हे लोकांना विचारत सुटले, आणि यांची शीळ बंद झाली. मी अजून तशीच पडून राहते. उठावं कधी हे मला कळत नाही. आता हे नुकसान कशात मोजायचं ते तुम्ही सांगा."

कंपनीच्या वकिलाने कागद चाळले. त्यात शीळ कुठे नव्हती. काकांना एकदम रडू यायला लागलं, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा काढून कोटाने पुसला. कोटाची इस्त्री मोडली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

अध्यक्षबाईंनी निकाल दिला. माणसाची गोष्ट दहा जणांना ठाऊक असली तरी ती त्याचीच असते. ते दहा जण ती प्रेमाने सांभाळत होते, कंपनीने ती वाऱ्यावर सोडली. सबब कंपनीने लेखी माफी मागावी, तक्रारदाराची सगळी माहिती कायमची पुसून टाकावी, आणि झाल्या त्रासाबद्दल उत्तम प्रतीचा नवा टोप करून द्यावा. रस्त्याने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मेहुणा वाजवत होता.

काका विजयी मुद्रेने नव्या टोपाची वाट बघू लागले. माफी आली. माहिती पुसल्याचा दाखला आला. टोप काही येईना. शेवटी त्यांनी खड्या आवाजात कंपनीला फोन लावला.

"सर, टोप करायला घेतलाय," पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली. "पण आदेशाप्रमाणे आपली माहिती आम्ही पुसली ना. तेव्हा नाव, पत्ता, फोन, डोक्याचं माप आणि तिन्ही बाजूंनी फोटो तेवढे परत पाठवाल का?"

काकांनी फोन ठेवला आणि स्टुडिओत येरझाऱ्या घातल्या. पुन्हा मंचात जातो, म्हणाले. कोट कुठे आहे, म्हणाले. काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, मदतनीस मुलीला पंखा पाचवर करायला सांगितला आणि कॅमेरा उचलला.

"टोप काढा आणि बसा त्या स्टुलावर," काकू म्हणाल्या. "आता लपवायचं कोणापासून?"

काकांनी मुलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि टोप काढून गुडघ्यावर ठेवला. पंख्याचा वारा थेट टाळूला लागला. फार वर्षांनी लागला असावा, कारण त्यांचे डोळे मिटले आणि ओठांचा चंबू झाला.

"हनुवटी खाली," काकू म्हणाल्या. "आणि शीळ घालू नका. फोटो हलतोय."