दारावर कोण होतं?

"तीन आठवडे दे मला. तुझ्या इंग्रजी वाचनाची तयारी मी झोपेतसुद्धा करून घेईन!" हार्लन ब्रँडव्होल्डने लेकीला, सिग्नेला, ठणकावून सांगितलं. मिनेसोटातल्या त्या एवढ्याशा गावात डुकरांचं खाद्य विकणाऱ्या हार्लनने शाळा सुटल्यापासून पोत्यावरच्या मजकुरापलीकडे काही वाचलं नव्हतं. पण बापाचा आत्मविश्वास वाचनावर थोडाच अवलंबून असतो! सिग्नेचं व्याकरण पक्कं होतं. प्रवेश परीक्षेत वाचनाचे गुण घसरले, तर मात्र नर्सिंगची शिष्यवृत्ती गेलीच.

पहिल्याच संध्याकाळी त्याने सरावाचा उतारा खड्या आवाजात वाचला. बर्फाचं वादळ. एकटी विधवा. दोन वर्षांपूर्वी विकलेला घोडा अंगणात परत, गळ्यात आखूडसा निळा मफलर. तेवढ्यात दाराच्या खालच्या फळीवर थाप... आणि उतारा संपला!

"प्रश्न पहिला," सिग्ने म्हणाली. "लेखकाचा सूर कसा आहे?"

"सूर गेला खड्ड्यात! दारावर कोण आहे?"

"ते दिलेलं नाही, बाबा."

"दिलेलं नाही म्हणजे? त्या बाईला असं थंडीत सोडून द्यायचं?"

सकाळी हा प्रश्न कॉफीच्या दुकानात पोचला.

"नवराच असणार!" रोजच्या गिऱ्हाइकाने, अर्लने, निकाल दिला.

"अरे ठोंब्या, विधवा आहे ती!" दुकानवाली लॉर्ना कडाडली.

"असेल. पण प्रेत सापडलं असं लिहिलंय का कुठे?"

संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले आणि दोन्ही तट हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-मांसाची, भांडी घेऊन हार्लनच्या दिवाणखान्यात येऊन बसले. रोज! बिचारी सिग्ने पुस्तक आणि घोंगडी घेऊन अंगणातल्या पिकअपमध्ये अभ्यासाला जाऊ लागली. तिथेही काचेवर टकटक.

"बेटा, एकच विचारतो. घोड्यावर खोगीर होतं का?"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती ताडताड घरात आली.

"बसा सगळे! मफलर आखूड होता. थाप खालच्या फळीवर पडली. म्हणजे दारावर लहान पोर आहे. घोडा विकत घेणाऱ्याचं. बाप वादळात अडकलाय आणि घोड्याला हे एकच दार माहीत आहे. आता मी अभ्यास करू?"

अर्ल उगाचच चष्मा पुसत राहिला. सगळे आपापली भांडी उचलून चवड्यांवर चालत बाहेर पडले. हार्लन लेकीकडे बघतच राहिला. हिला आपण वाचायला शिकवणार होतो!

दुसऱ्या दिवशी परीक्षेहून ती हसत बाहेर आली.

"मस्त गेली, बाबा! एका उताऱ्यात तर नावेत दोन भाऊ, आणि धाकट्याच्या हातात..." तिने जीभ चावली. "सांगायला मनाई आहे. सही दिलीय मी."

"सिग्ने! हातात काय?"

शिष्यवृत्ती तिला मिळाली. सगळा गाव नाचला. हार्लन नाचला, पण अर्धवट.

जूनच्या परीक्षेला शाळेच्या व्यायामशाळेत, सतरा वर्षांच्या पोरांमध्ये, एक टकला गृहस्थ टोकदार पेन्सिली मांडून बसला होता. हार्लन! त्याच्या मागे अर्ल.

नावेतले भाऊ काही आले नाहीत. उतारा आला मधमाश्यांवरचा.

तोही अर्धवट!