दोन्ही हातांचा मुक्त वापर

माणसाला दुखापत कुठेही आणि कधीही होऊ शकते. पण ती झाली आहे हे ठरवायला जबाबदार माणसांची समिती लागते. हे ज्या समाजाला उमगलं तो पुढारलेला समजावा. माझ्या तरुणपणी आम्ही एवढे पुढारलेले नव्हतो. तेव्हा ज्याचं बोट चेंगरे त्यालाच ते सगळ्यांच्या आधी कळे, आणि तो सांगे त्यावर लोक चक्क विश्वास ठेवत. कसला अडाणी कारभार होता!

मी स्वतः लाँड्रीत उमेदीची वर्षं काढली, म्हणून अधिकाराने सांगते. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे ट्रकने येतात आणि ट्रकने जातात, तो कारखाना. माझ्या वेळी तिथे कुणाला लागलं की मालक स्वतः घरी येत. खाटेच्या कडेला बसत, जीभ टाळ्याला लावून चुकचुकत, फळांची पिशवी ठेवत आणि जाताना म्हणत, “घरात दुसरं कुणी कामाला येण्यासारखं आहे का?” एका दुपारीत सगळं संपे. अन्याय होता, पण आटोपशीर होता.

आता तसं नाही. आता कामगार दिलासा मंडळ आहे. (लोक नुसतं ‘दिलासा’ म्हणतात. “दिलासात गेलो होतो, मिळाला नाही,” असं आमच्या गल्लीत कुणी म्हटलं तर कुणी हसत नाही.) जे काम मालक एका दुपारी उरकत, तेच मंडळ वर्षानुवर्षं निगुतीने करतं. त्यामुळे किती जणांना रोजगार मिळाला ते पाहा: खिडकीवरच्या बाई, खिडकी बंद आहे हे सांगणारा शिपाई, डॉक्टर, त्या डॉक्टरांवर नजर ठेवणारे डॉक्टर, निरीक्षक, वकील, आणि या सगळ्यांना चहा पोचवणारा. एका दुखावलेल्या हातावर आज एवढी पोटं चालतात. धडधाकट असताना त्याच हातावर जेमतेम चार चालत होती.

मंडळाचं कार्यालय वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट कर्मचाऱ्यांपुरती आहे. यात दूरदृष्टी आहे. जो अर्जदार जिने चढून येतो त्याच्या पायाला विशेष काही झालेलं नाही, हे येताक्षणीच सिद्ध होतं. जो येत नाही, त्याचा अर्ज गैरहजेरीमुळे निकालात निघतो. मंडळाच्या अहवालाप्रमाणे शंभरातले अठ्ठ्याण्णव अर्जदार समाधानी आहेत. (पुन्हा आला नाही तो समाधानी, असं धरतात. उरलेले दोघे अजून हयात आहेत.)

आमची धाकटी त्या दोघांपैकी एक. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तीही त्याच लाँड्रीत, रोलरवर. रोलर म्हणजे आडवं, तापलेलं, फिरतं लोखंड. दोघी जणी चादरीचे दोन कोपरे धरून ती आत सोडतात आणि पलीकडे कडक इस्त्री होऊन येते. चादर आत शिरता शिरता चुणी पडली तर तळव्याने झटकन सरकवून काढायची असते. धाकटीचा उजवा हात त्यात असा तरबेज की तिच्या बाजूच्या चादरी तपासायलासुद्धा कुणी थांबत नसे. अशी चुणी काढू नये, असा लाँड्रीत नियम आहे. चुणी राहिलेली चादर परत धुवायला लावून तिचे पैसे पगारातून कापावेत, असाही नियम आहे. दोन्ही नियम एकाच पाटीवर लिहिलेले आहेत आणि अक्षर फार सुबक आहे.

रोलरपुढे बोटं अडावीत म्हणून एक लोखंडी जाळी असते. ती नव्हती असं कुणी म्हणू नये. ती होती. कपाटात होती. जाळी लावली की चादरी हळू जातात, म्हणून ती तपासणीच्या दिवशी लावत आणि संध्याकाळी पुसून परत ठेवत. इतक्या वर्षांत तिच्यावर एक ओरखडा नाही. मालमत्तेची एवढी काळजी मी दुसरीकडे पाहिली नाही.

तर चुणी काढताना धाकटीचा हात मनगटापर्यंत आत गेला. आता मंडळाकडे दुखापतींचा एक तक्ता आहे. त्यात पूर्ण गेलेला हात आहे, अर्धा गेलेला हात आहे, बोटं तर सुटी सुटी आहेत. मंडळाला स्वच्छ दुखापत आवडते. धाकटीचं चुकलं ते इथेच. तिचा हात जागेवर राहिला. पाचही बोटं होती, फक्त मिटत नव्हती.

दवाखान्यातल्या सर्जनबाई म्हणाल्या, “आतल्या दोऱ्या चिकटल्यात. लवकर ऑपरेशन केलं तर बोटं मिटतील. उशीर झाला तर लाकूड होतील, मग माझ्या हातात काही नाही.”

ऑपरेशनचा खर्च आमच्या दोन्ही घरांची भांडीकुंडी विकूनही निघणारा नव्हता. मंडळाने मंजूर केला तरच होणार. धाकटीला कुणी भरपाईचं विचारलं तर ती म्हणे, “भरपाई घाला चुलीत. मला पोळी लाटता आली पाहिजे आणि पोरीची वेणी घालता आली पाहिजे. बास.” एवढ्या माफक मागण्या करणारी माणसं मंडळाला अतिशय संशयास्पद वाटतात.

मंजुरीआधी अर्जदाराला घरी जाऊन अचानक पाहायचं, अशी पद्धत आहे. निरीक्षक आले ते भर दुपारी, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी तिथेच लसूण सोलत बसले होते. पुतणी आईचे केस विंचरत होती.

“ताई, मी दिलासातून आलो,” ते म्हणाले. “तुमचं चालू द्या. मी नुसता बघणार.”

“बघणार काय, आधी बसा,” धाकटी म्हणाली. “घसा बघा किती कोरडा पडलाय. एवढ्या उन्हात पाठवतात होय तुम्हाला? घरी बायको काही बोलत नाही?”

आणि ती उठली. मी किंवा पुतणीने उठायला हवं होतं. पण आलेल्या माणसाला पाणी द्यायला धाकटी कुणाची वाट बघत नाही. तिने डाव्या हाताने पेला भरला, खालून उजव्याचा तळवा लावला आणि हसून पुढे केला. त्यांनी घटाघटा पिऊन तोंड पुसलं.

“अजून मिळेल?”

“मिळेल की! पाण्याला काय तोटा?”

ती पुन्हा गेली. निरीक्षक सज्जन होते. जाताना “येतो, काळजी घ्या,” असंही म्हणाले.

त्यांच्या अहवालाची भाषा मला पाठ झाली आहे. ‘अर्जदार महिलेने भरलेला पेला दोन्ही हातांनी, न सांडता, दोन वेळा आणून दिला. दोन्ही हातांचा मुक्त वापर दिसून आला. चेहऱ्यावर वेदना नव्हती. उलट हास्य होते.’ (पाणी माठातलं आणि गार होतं, हे त्यांनी लिहिलं नाही. उपकाराची नोंद ठेवायला तक्त्यात रकाना नसतो.)

सुनावणीला मी, धाकटी आणि दीर असे तिघे जिने चढलो. समोर तीन साहेब.

“पाणी तुम्हीच दिलं?”

“हो.”

“दोन्ही हातांनी?”

“मग काय, एका हाताने फेकून मारू?” धाकटी म्हणाली.

दीर घाईने म्हणाले, “साहेब, उजव्याने पेला धरताच येत नाही. नुसता खालून टेकू—”

“तुम्ही मध्ये बोलू नका. म्हणजे बाई, उजव्याचा टेकू म्हणून उपयोग झाला?”

“झाला.”

“लिहा,” साहेब शेजारच्याला म्हणाले, “उपयोग होतो.”

बाहेर आल्यावर दीर जिन्यातच कडाडले, “तुला कुणी सांगितलं होतं उठायला? मेला असता का तो तहानेने?”

“तुम्हाला नाही का रोज देत?” ती म्हणाली. “तुम्ही कुठे लिहून ठेवलंत कधी?”

या प्रकरणाने आमच्या गल्लीला मात्र वळण लागलं. आता घरात कुणाला लागलेलं असलं तर अनोळखी माणसाला कुणी पाणी विचारत नाही. उठायचं नाही, हसायचं नाही, मुलांना जवळ घ्यायचं नाही, खाजही सोसायची. मीटर बघायला येणारा परवा तोंड कोरडं घेऊन पाच घरं हिंडला आणि शेवटी नळाखाली ओंजळ धरली. एवढ्या थोड्या काळात एवढ्या लोकांचा स्वभाव बदलणं कुठल्याही कीर्तनकाराला जमलं नसतं.

ऑपरेशन नामंजूर झालं. फेरतपासणी होईपर्यंत करंगळी, तिच्या शेजारचं आणि मधलं, अशी तीन बोटं लाकूड झाली. मंडळाच्या डॉक्टरांनी ती वाकवून पाहिली आणि प्रामाणिकपणे मान्य केलं की आता ही खरंच निकामी आहेत. पण ती अपघाताने निकामी झालेली नाहीत. अपघातानंतर ती वाचण्यासारखी होती, हे सर्जनबाईंनीच लिहून दिलेलं आहे. ती निकामी झाली वेळ गेल्यामुळे. वेळ ही काही लाँड्रीची नोकर नाही; तिने केलेल्या नुकसानीला लाँड्री कशी जबाबदार? मी हा युक्तिवाद घरी येऊन पुष्कळ उलटसुलट करून पाहिला. त्यात एकही चुणी नाही.

आता राहिला अंगठा आणि पहिलं बोट. सर्जनबाई म्हणतात, ही दोन अजून वाचतील. दोन बोटांत वेणीची बट धरता येते. पुतणीने दोरा घेऊन करून दाखवलं. मंडळानेही शेवटच्या अपिलाला परवानगी दिली आहे. अट एकच. नात्याबाहेरचा, प्रतिष्ठित, हिंडताफिरता असा एक साक्षीदार हवा, ज्याला हा हात आधी कसा होता आणि पुढे काय झालं हे ठाऊक आहे. त्याने नाव-पत्ता घालून सही करायची. लाँड्रीचे वकील मागाहून त्याच्याकडे एकदा चौकशीला येतील, एवढंच.

आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. ते फार हळहळले. गल्लीतल्या डॉक्टरांचे डोळेच पाणावले. सोसायटीचे सेक्रेटरी तर संतापले, टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “हे कुणीतरी लिहायला हवं, आजी!” (त्यांची मूठ उत्तम मिटते.) तिघांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं.

म्हणून मी लिहिलं. इथपर्यंत वाचलंत, म्हणजे हात आधी कसा होता आणि पुढे काय झालं हे आता तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तुम्ही आमच्या नात्यातले नाही. पुस्तकं-मासिकं वाचता, म्हणजे प्रतिष्ठितही आहात. वाईटही वाटलं असेल. इथे खाली सहीपुरती जागा सोडली आहे.

बराच वेळ झाला. तुमच्या हाताला काय झालंय?