कोनाले वाचून दाखवशील?

आमच्या शेजारचे तायडे सर संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बायकोला गोष्ट वाचून दाखवू लागले, की नवा भाजीवाला हातगाडी थांबवून मला विचारायचा, "बाई, भांडन चालू आहे का?" सरांच्या तोंडून कुठलाही प्रसंग लढाईसारखाच ऐकू यायचा. "आणि ती हळूच कुजबुजली!" हे वाक्य त्यांनी वाचलं, की आमच्या जास्वंदीवरचे बुलबुल उडून जात.

कारण साधं होतं. त्यांच्या पत्नी कुसुमताई यांना ऐकू कमी येई. लग्न झालं तेव्हा चांगलं येत होतं, पुढे कमी कमी होत गेलं, आणि जसजसं ते कमी झालं तसतसा सरांचा आवाज चढत गेला. मुलानं अकोल्याहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते त्यांनी डब्यात घालून कपाटात ठेवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्यात साऱ्या कालनीचा आवाज येते, म्याडम. आमच्या याहीचा सोडून."

ईरा, नील, गेल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी तिकडून फोनवर आजीला सांगितलंत, की शाळा सुरू झाल्या झाल्या तुमच्या बाईंनी प्रत्येकाकडून वर्षभराच्या वाचनाचं ध्येय लिहून घेतलं. ईरानं चाळीस पुस्तकं लिहिली आणि नीलनं, केवळ बहिणीला हरवायचं म्हणून, एक्केचाळीस. मी शाबास म्हटलं. पण फोन ठेवल्यावर तायडे सर आठवत राहिले. ते भिंतीपलीकडेच राहतात, तरीही.

सर नांदगाव पेठेच्या शाळेत शिकवतात. अमरावतीहून तिथं जायला वेळ लागत नाही. एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत, तिथं कामाला जाणाऱ्यांची मुलं या शाळेत येतात. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या दिवशी पुस्तकं वाटायची, वर्ग झाडायचे आणि दुसऱ्या दिवशी तायडे सरांच्या वर्गात वाचनाचं ध्येय ठरवायचं. वर्गात सहावी आणि सातवी एकत्र बसते. दरवर्षी आदल्या संध्याकाळी सर आमच्या फाटकाशी येऊन म्हणत, "म्याडम, उद्या साक्षीले या लागते." मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, म्हणून माझ्या साक्षीला वजन, असं त्यांचं मत. काम एवढंच, की कपाटाजवळच्या खुर्चीवर बसायचं आणि प्रत्येक मुलानं ध्येय सांगितलं की मान हलवायची. ऑटोनं जाऊन मी ते काम बरीच वर्षं केलं आहे.

एकेक मूल उभं राहतं. सर विचारतात, "कोनाले वाचून दाखवशील?"

किती पुस्तकं, कोणती पुस्तकं, हे नंतर. आधी ऐकणारा सांगायचा. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, प्रत्येक विद्यार्थ्यामागं वर्षाला किती पुस्तकं?" सर म्हणाले, "पुस्तकं नाही मोजत साहेब. कान मोजतो." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं मान हलवली.

मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कोणी आजीचं नाव सांगतो, कोणी लहान भावाचं. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीनं सांगितलं, "आमच्या म्हशीले." वर्ग खदखदून हसला. सर मात्र गंभीर. "हासू नोका रे! म्हैस मंधातच उठून जाते का? मोबाईल पाह्यते का? तुमच्याहून बरी आहे. बस बेटा, पक्कं झालं." मीही मान हलवली. दुसऱ्या एकानं सांगितलं, "मी मनातल्या मनात वाचीन, सर." त्याला उत्तर मिळालं, "मनातल्या मनात जेवतं का रे तू?"

आणि कोणी नुसतंच खाली पाहत उभं राहिलं, तर त्याला रागवायचं नाही, असा नियम. एक मुलगा म्हणाला होता, "मले कोनी नाही सर. माय पाळीवर जाते, बाप झोपून राह्यते." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही हरकत नाही. घरी पाहून ये. उद्या सांग." मग साऱ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं, "काही हरकत नाही! घरी पाहून ये! उद्या सांग!" दुसऱ्या दिवशी त्या मुलानं सांगितलं, की भिंतीपलीकडचे म्हातारबुवा तयार आहेत, फक्त शब्द गिळायचे नाहीत म्हणाले. सरांच्या मते ऐकणारा प्रत्येकाला असतोच, आपण पाहत नाही.

हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून, तेही सांगते. सरांचं गाव अचलपूरकडचं. वडील मजुरी करायचे, अक्षरओळख नव्हती. पण सामानाच्या पुडीचा कागदही फेकू द्यायचे नाहीत. संध्याकाळी तो सरळ करून पोरापुढं धरायचे. "मले वाचून दाखव." अर्धी बातमी, फाटलेली जाहिरात, काहीही. "तं मी वाचो," सर सांगतात, "अन् बाबा डोळे मिटून असे आयकत, जसं काही मी कलेक्टर झालो."

ध्येय ठरलं की दोन गोष्टी बजावल्या जात. पहिली, ऐकणाऱ्याचे कान पाहून आवाज धरायचा. लहान बहिणीला हळू वाचायचं, ती दचकते. आजोबांना खणखणीत. दुसरी, ऐकणाऱ्याला सोडून एकट्यानं पुढं जायचं नाही. "गोष्ट दोघायची आहे. तू एकटाच पुढं गेला, तं तो मांगं राह्यला ना लेका!" ऐकणारी आजी लग्नाला अकोल्याला गेली, तर ती परत येईपर्यंत पुस्तक मिटून ठेवायचं.

सगळ्यांत शेवटी सातवीची मुलं ओरडत, "सर, तुमी कोनाले?" सर छाती फुगवून सांगत, "आमच्या घरच्या मानसाले!" आणि पोरं बाकं बडवत. ही मजा सहावीच्या नव्या मुलांना तिथंच कळे आणि पुढच्या वर्षी तीच ओरडत.

घरचं माणूसही सोपं नव्हतं. कुसुमताई चौथीत शाळेतून निघालेल्या. तुरीची डाळ निवडत ऐकायच्या आणि मधूनच सूप आपटून वाचन थांबवायच्या. "थांबा! तो मेला का नुसता चक्कर येऊन पडला?"

"पुढं येते ते! आयकून तं घे!"

"पुढं येते, तं आताच काहून नाही सांगत तो लिवनारा?"

"मी लिवलं का ते?"

"तुमी वाचता ना? मंग तुमालेच इचारीन!"

हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचं. त्या भिंतीपलीकडच्या आवाजात मी कित्येक जाडजूड कादंबऱ्या पोळ्या लाटता लाटता ऐकल्या आहेत. कधी मला पाहुण्यांकडे जावं लागलं, की मधला भाग बुडायचा, आणि तो विचारायचा कुणाला, हा प्रश्न पडायचा. एकदा मी कुसुमताईंना विचारलं, त्या नवऱ्याला टाकून गेलेल्या बाईचं पुढं काय झालं. त्यांनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तिचं बराबर होतं."

या उन्हाळ्यात एक कादंबरी चालू होती. एक माणूस तरुणपणी बापाशी भांडून घर सोडतो आणि म्हातारा होत आल्यावर परततो. मे महिन्यातली संध्याकाळ, कूलरचं पाणी संपलेलं, सगळी कॉलनी अंगणात. तो माणूस गावात शिरला, ओळखीची विहीर दिसली, आपलं घर दिसलं. दाराशी जाऊन त्यानं कडी वाजवायला हात उचलला, आणि सूप आपटलं.

"बस. बाकीचं उद्या."

"अवं, आता तं मजा आहे!" सर ओरडले. "कोन दार उघडते, ते तं पाह्य!"

"राहू द्या त्याले उभा. एवढी वर्सं बाहीर होता, एक रात अजून. मले हे आजच संपवाचं नाही."

सकाळी कुसुमताई उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. मुलगा अकोल्याहून आला, भन्ते आले, वंदना झाली, माणसांनी अंगण भरलं आणि काही दिवसांनी रिकामं झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, अकोल्याले चला." सर म्हणाले, "शाळा उघडाची आहे."

कॉलनी इतकी शांत झाली, की मला माझ्या कुकरच्या शिट्टीचा त्रास होऊ लागला. भाजीवाला आता सरळ पुढं जायचा. अंगणातल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर सर बसत. पुस्तक दुसरीवर पालथं, त्याच पानावर उघडं. पाऊस येईलसं वाटलं की ते आत नेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच पालथं ठेवत. वाचत मात्र नव्हते.

एकदा मी डब्यात कढीगोळे घेऊन गेले आणि न राहवून म्हणाले, "सर, तो माणूस दारात उभाच आहे हो."

"हाव."

"वाचा ना पुढं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या मुलानं गृहपाठात नक्कल केली आहे. "तिले माईत नाही पुढं काय झालं ते. मले काहून माईत पाह्यजे?"

मी तिथंच डबा ठेवून परत आले.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. त्या संध्याकाळी मी सुती साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. सर फाटकाशी आलेच नाहीत. मग मीच गेले.

"यंदा नाही, म्याडम," ते म्हणाले. "नोकरीचं शेवटचं वर्स आहे. दुसऱ्या कोनी मास्तरनं किती पुस्तकं ते लिवून घेतलं, तरी चालते. ज्याले सोताले कोनी नाही, त्यानं पोट्ट्यायले काय इचारावं?"

"तुम्ही विचारू नका. मला साक्षीला यायचंय. साडी तयार आहे."

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मी ऑटोतून उतरले तेव्हा कपाटाजवळ खुर्ची ठेवलेली होती.

त्यांनी विचारलं. आवाज खाली होता, मागच्या बाकांवरच्यांना पुढं वाकावं लागत होतं. आजी झाल्या, भाऊ झाले, एका मुलानं आपला बोकड सांगितला आणि सरांनी काही न म्हणता तो मान्य केला. माझी मान मी नेमानं हलवत होते आणि शेवट जवळ येत होता. मुलांना कुणी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असलं तरी सवय ती सवय. शेवटचं मूल खाली बसलं आणि सातवीतून आरोळी आली, "सर, तुमी कोनाले?"

सर उभे राहिले. खडू या हातातून त्या हातात घेतला. पुन्हा पहिल्या हातात घेतला. काही मुलं बाकं बडवायला हात उचलून थांबली होती.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, तीच म्हशीवाली, उठली. आवाजात चेष्टा नव्हती, कीवही नव्हती. वर्गाचा नियम होता, तो तिनं सांगितला.

"काही हरकत नाही, सर. घरी पाहून या. उद्या सांगा."

आणि सारा वर्ग एका सुरात म्हणाला, "काही हरकत नाही! घरी पाहून या! उद्या सांगा!"

सरांनी मान हलवली. त्या वर्गात मान हलवणं माझं काम होतं, पण मला त्या वेळी ते जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते. भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. खिडकीतून पाहिलं, तर सर बसले होते आणि पुस्तक त्यांच्या हातात होतं. ओठ हलत होते. मी गॅस बंद केला, नळ घट्ट फिरवला, खिडकी पूर्ण उघडली. एक शब्द ऐकू आला नाही. पान उलटलं, मग आणखी एक. मधे एकदा ते थांबले, समोरच्या खुर्चीकडे पाहून काही बोलले, आणि पुढं वाचू लागले. जास्वंदीवरचे बुलबुल जागचे हलले नाहीत.

सकाळी ते स्कूटर पुसत होते. मी भिंतीशी गेले.

"सर, काल काही ऐकू आलं नाही."

"तुमाले नोतो वाचून दाखवत, म्याडम."

"पण इतकं हळू?"

त्यांनी फडका झटकला. "मी पोट्ट्यायले काय सांगतो? आयकनाऱ्याचे कान पाहून आवाज धराचा." मग फडका डिकीत टाकत म्हणाले, "आता तिले वरडून सांगा लागत नाही."

स्कूटर दोनदा फुरफुरली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. "निघतो. पोट्ट्यायले आज उत्तर देनं आहे."

ईरा, नील, तुमची चाळीस आणि एक्केचाळीस पुस्तकं जरूर वाचा. कुणाला वाचून दाखवाल, हे मी विचारत नाही, पण तुमच्याकडे रात्र होते तेव्हा इथं सकाळ असते, आणि मी मोकळीच असते.

त्या माणसासाठी दार कुणी उघडलं, हे मला अजून कळलेलं नाही. पुस्तक वाचनालयात परत गेलं आहे. आणून वाचता येईल, पण मी आणलेलं नाही. सरांनाही विचारलेलं नाही. ती गोष्ट त्या दोघांची होती.