उजवीकडे वळू नका

बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात कसं न्यावं, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आमच्या बफेलोत जानेवारीत डावीकडे वळायचं म्हणजे समोरच्या गाड्या संपेपर्यंत बर्फात, भर चौकात ताटकळत बसा. म्हणून मी असा रस्ता शोधून काढला होता, की सगळी वळणं उजवी! त्याची रंगीत तालीमही केली होती.

या हुशारीत मी फक्त माझ्या सासऱ्यांना, झिग्गींना, हिशेबात धरलं नव्हतं.

तो रविवार होता. बिल्सचा, म्हणजे आमच्या गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, बाद फेरीचा सामना, शेवटची काही मिनिटं, आणि आपण दोन गुणांनी मागे. सासरे, माझी बायको मार्ता आणि मी टीव्हीला डोळे चिकटवून बसलो होतो. मार्ताने एकदम माझा दंड धरला.

"कर्ट, निघायला हवं."

"आत्ता?"

"कळा केव्हाच्या सुरू झाल्यात! टाइमआउट होईपर्यंत गप्प बसले होते!"

बाहेर धावलो, तर सासऱ्यांचा पिकअप ट्रक माझ्या गाडीमागे आडवा! "माझ्या ट्रकमधूनच चला," म्हणत ते स्टिअरिंगवर बसले आणि आधी रेडिओ लावला, मग गाडी सुरू केली.

पहिला चौक आला. मागच्या सीटवर मार्ताचा हात धरून मी म्हणालो, "बाबा, इथे उजवी..."

ट्रक कचकन थांबला.

"कर्ट! सामना चालू असताना माझ्या गाडीत तो शब्द?"

चूक माझीच. १९९१च्या अंतिम सामन्यात आमची शेवटची किक दोन खांबांच्या मधून जायच्या ऐवजी उजव्या खांबाबाहेरून गेली आणि एका गुणाने चषक हुकला. नंतरची तीन वर्षंही अंतिम सामन्यात पोचलो आणि तिन्ही वेळा मार खाल्ला! तेव्हापासून सामना चालू असताना सासरे त्या बाजूचं नाव काढू देत नाहीत. घरात मीठसुद्धा 'पलीकडच्या हाताचं' द्या म्हणून मागतात.

"बरं बाबा, ज्या हाताने जेवता त्या बाजूला वळा!"

त्यांनी ट्रक डावीकडे घातला. माणूस डावखुरा!

मी कपाळावर हात मारणार, तेवढ्यात रेडिओ किंचाळला. बिल्सनी एका झटक्यात अर्धं मैदान पार केलं होतं!

"बघितलंस?" सासरे म्हणाले. "डावं वळण लाभलं! आता फक्त डावीच!"

"अहो, दवाखाना त्या बाजूला आहे! मार्ता, सांग तुझ्या बाबांना!"

मार्ताने कळ सोसली, दातओठ खाल्ले आणि म्हणाली, "बाबांचं ऐक. बाबा, डावीकडूनच घ्या!"

बापाची लेक शोभते! मग काय, जिथे एक उजवं वळण घ्यायचं तिथे सरळ पुढे जाऊन तीन डावी. प्रत्येक वळणावर समोरच्या गाड्या संपायची वाट पाहायची. बर्फाने काच दिसेना. तेच चर्च दुसऱ्यांदा आलं. मार्ताची नखं माझ्या तळहातात रुतत होती आणि मला मनापासून भीती वाटायला लागली. बाळ या ट्रकमध्येच झालं तर? मला साधी पट्टी बांधता येत नाही!

शेवटी दवाखान्याचं लाल दार दिसलं. अगदी हाताशी! पण उजव्या हाताशी. पुढचा रस्ता बर्फाने बंद होता. सासऱ्यांनी चौकातच ट्रक उभा केला. मागून बर्फ काढणारी गाडी भोंगा वाजवायला लागली.

"वळा, बाबा!"

"थांब! शेवटची किक आहे! गेली तर जिंकलो!"

"कर्ट, आता नाही थांबवत रे!" मार्ता ओरडली, आणि माझ्या संयमाचा बांध फुटला.

"उजवीकडे! उजवीकडे! उजवीकडे!"

दचकून सासऱ्यांनी स्टिअरिंग फिरवलं. त्याच क्षणी रेडिओवरचा माणूस रडवेल्या आवाजात म्हणाला, "चेंडू बाहेर! डाव्या खांबाच्या डावीकडून!"

सासरे सावकाश माझ्याकडे वळले.

"इतकी डावी वळणं घ्यायला कुणी सांगितलं होतं रे, जावईबापू?"

मार्ताला चाकांच्या खुर्चीत बसवून आत पळालो. बापलेक दोघंही हमसून हमसून रडत होते. सासऱ्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नको पोरी. पुढच्या वर्षी नक्की!"

सकाळपासून आतच राबणारी नर्स अवाक होऊन त्यांच्याकडे पाहायला लागली. "पुढच्या वर्षी? अहो आजोबा, पुढच्या वर्षी कसलं! आत्ता, या घडीला होणार आहे!"

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे किक पुन्हा घ्यायला सांगितली?"

आमची मुलगी थोड्याच वेळात आली, ठणठणीत आणि खणखणीत आवाजाची. पण कुणाला सांगू नका, नर्स तसं म्हणाली तेव्हा मीही आधी रेडिओ कुठे आहे तेच शोधलं होतं.