टिटवीचा कुलूपबंद फोन

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येकाकडे मोबाइल होता. सिंहाच्या मेहुण्याने 'डरकाळी' नावाची कंपनी काढली होती आणि तिने ते फोन फुकट वाटले होते. फुकट म्हटल्यावर मागे कोण राहतं? गांडूळसुद्धा रांगेत उभं होतं. ते उभं कसं राहिलं, हे मला विचारू नका.

फोनला एक कुलूप होतं. दिसायचं नाही, पण होतं. कार्ड चालायचं ते डरकाळीचं आणि अ‍ॅप चालायची तीही डरकाळीचीच. बाहेरचं काही टाकायला गेलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची, 'सावधान! यामुळे तुमचं वाटोळं होऊ शकतं.'

नदीकाठच्या टिटवीला या कुलपाचा कधी त्रास झाला नव्हता. डरकाळीचं हवामानाचं अ‍ॅप तर तिला फार आवडायचं. ते रोज सकाळी सांगायचं, 'नदी शांत राहील.' तिने विश्वासाने पात्रातल्या गोट्यांत, एका खळग्यात चार अंडी घातली. तिची आई टेकाडावर घालायची. पण आईकडे कुठे अ‍ॅप होतं?

रोज कंपनीचा कावळा यायचा. अंड्यांकडे बघायचा, वहीत काहीतरी टिपायचा आणि उडून जायचा. अंडं न खाता जाणारा कावळा टिटवीने जन्मात पाहिला नव्हता.

"कंपनीचे संस्कार," ती नवऱ्याला म्हणाली.

मग एक दिवस वरच्या धबधब्याकडून पाणमांजर पोहत आलं.

"टिटवीबाई, वर पाणी चढतंय. मी एक छोटं अ‍ॅप केलंय. धबधब्याखालच्या काळ्या खडकापाशी मी बसून असतो. खडक बुडाला की मी बटण दाबतो आणि तुमचा फोन वाजतो. टाकून घ्या."

टिटवीने टाकायला घेतलं. लाल अक्षरं आली. वाटोळं, वगैरे. मग ती थेट कंपनीच्या कचेरीत गेली. खिडकीत टाय लावलेला कोल्हा होता.

"कोल्हेसाहेब, एवढं कुलूप काढून द्या हो. माझी चार अंडी आहेत पात्रात."

"ताई, कुलूप तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

"पण फोन माझा ना?"

"फोन तुमचाच. आत काय असावं, एवढंच आमचं." कोल्हा गोड हसला. "अहो, बाहेरची अ‍ॅप तुमची माहिती चोरतात."

"माझी काय माहिती चोरणार? मी टिटवी आहे. सगळी माहिती मी दिवसभर ओरडूनच सांगते."

"दोन वर्षं थांबा. करार संपला की कुलूप आपोआप निघेल."

"अंडी दोन वर्षं थांबत नाहीत, साहेब!"

कोल्ह्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. टिटवीदेखील समुद्र आटवते, ही म्हण त्याच्या शाळेत शिकवली नसावी.

उंबराखाली एक माकड फोन दुरुस्त करायचं. टिटवी तिकडे गेली.

"उघडतो, वहिनी," माकड म्हणालं. "पण मग कंपनी तोंड फिरवील. चालेल?"

"कंपनीचं तोंड काय करायचंय? उघडा."

माकडाने दोन बटणं एकदम दाबून धरली. फोन मेला. टिटवीचा जीव इतका खालीवर झाला की तिला ओरडायचंही सुचलं नाही. मग फोन हळूच उजळला आणि विचारू लागला, 'तुमची खात्री आहे का?' सात वेळा विचारलं. सातही वेळा तिने 'हो' म्हटलं. लग्नात तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, फोन वाजला.

"ऊन बघ किती लख्ख पडलंय," नवरा म्हणाला. "आणि डरकाळी म्हणतेय, नदी शांत."

"डरकाळी बसलीय कचेरीत. पाणमांजर बसलंय खडकापाशी. ढकला अंडं!"

एकेक अंडं ढकलत त्यांनी टेकाडावर नेलं. चौथं वर पोचलं तेव्हा खळग्यात पाणी शिरलं होतं. टिटवी रडली. मग रडत रडतच नवऱ्यावर ओरडली, की अंड्यांची टोकं भलत्या बाजूला केलीत.

तेवढ्यात कावळा आला. त्याने रिकाम्या खळग्याकडे पाहिलं, टेकाडावरच्या अंड्यांकडे पाहिलं आणि वही न उघडताच तो सुसाट उडाला. घटकाभरात जंगलातले सगळे फोन खणखणले, 'डरकाळीचा इशारा! महापूर येतोय! उंचावर जा!'

कंपनीला कसं कळलं? आता गुपित ऐका. जुनीजाणती म्हणायची, टिटवीने अंडी खाली घातली की नदी शांत, उंचावर घातली की पूर. डरकाळीचं शास्त्र ते एवढंच. गेल्या वर्षी टिटवीने सहज म्हणून खाली घातली होती. तेव्हापासून कंपनी तिची अंडी बघून अंदाज द्यायची आणि ती कंपनीचा अंदाज बघून अंडी घालायची.

पूर आला. ससे, साळिंदरं, झाडून सगळे वाचले. सिंहाने मेहुण्याला शाल-श्रीफळ दिलं. कोल्ह्याने भाषणात चाळीस शास्त्रज्ञांच्या मेहनतीचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या.

टेकाडावर टिटवीचा फोन वाजला. 'आपण बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून जंगलाची सुरक्षा धोक्यात आणली आहे. आपला फोन कायमचा बंद करण्यात येत आहे.'

पडदा काळा झाला. टिटवीला फार वाईट वाटलं. चूक काय झाली, हे तिला काही केल्या कळेना. इतक्यात पोटाखाली टक् टक् झालं. एक अंडं तडकलं आणि ओलं पिल्लू धडपडत बाहेर आलं. ते त्या बंद फोनवर चढलं आणि तिथेच त्याने आयुष्यातली पहिली शी केली.

तात्पर्य : बाहेरचं सॉफ्टवेअर फोनमध्ये कधीही टाकू नये. कंपनीचा इशारा वेळेवर येतोच. त्याआधी कुणीतरी कुलूप तोडून अंडी वर नेलेली असली, म्हणजे झालं.