सासऱ्यांच्या गाडीतला गारवा

गाडीचा एसी गरम हवा फेकतोय हे कळलं आणि जावयाने कपाळाला हात लावला. गाडी सासऱ्यांनी दिलेली. दिली तीही भर थंडीत, किल्ली हातावर ठेवता ठेवता सुनावून: "जपून वापरा, जावईबापू. माझ्या हातून वस्तू कधी बिघडत नाही." पुढचं त्यांनी पोटात ठेवलं, पण दोघांनाही ते ठाऊक होतं: त्यांचं मनगटी घड्याळ, मिक्सर आणि कपाटाचं कुलूप या जावयाने स्वतः दुरुस्त करून कायमचं बंद पाडलं होतं.

आता उन्हाळा, उद्या सासू-सासरे येणार, आणि गेल्याच रविवारी या शहाण्याने बायको नको नको म्हणत असताना बॉनेट उघडून इंजिन पाइपने धुऊन काढलेलं! म्हणजे प्रतापही आपलाच. आता सासरे उभ्या जन्मात आपल्याला साधा स्क्रू हातात धरू देणार नाहीत, याची त्याला खात्री पटली.

कॉम्प्रेसर जाम झालाय, बदलावा लागेल आणि नवा यायला आठवडा तरी जाईल, असं मेकॅनिकने सांगितलं. "जुनं दुखणं दिसतंय," असंही तो पुटपुटला, पण जावयाच्या कानात अजून त्या पाइपचं पाणीच वाजत होतं. एक दिवस वेळ मारून नेता येईल असं काही करा ना, म्हणून त्याने गयावया केली. मेकॅनिकने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि पंखा फुल्ल ठेवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून निघाले तेव्हा काचा घट्ट बंद होत्या, पंखा घोंघावत होता आणि आत नुसती भट्टी पेटली होती. मागे सासूबाई पदराने वारा घेत होत्या. त्यांच्या शेजारी बायको गप्प, कारण तिला शपथ घातली होती. जावई दर दोन मिनिटांनी आरशात बघायचा, एसीचं बटण उगाच दाबायचा, सीटवर चुळबुळायचा. पुढे बसलेले सासरे आता बोलतील, मग बोलतील.

सासऱ्यांनी मानेवरचा घाम पुसला.

"छान गार आहे हो," ते म्हणाले. "थोडा कमी केलात तरी चालेल."

जावई चक्रावला. सिग्नलला गाडी थांबली तोवर सासऱ्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, चेहरा लालबुंद झाला होता, तरी एसीचं कौतुक चालूच. म्हातारा माणूस आपली लाज राखायला उकडून निघतोय, या विचाराने जावयाला भरून आलं. त्याला राहवेना.

"बाबा, एसी बंद आहे. मीच घालवला. इंजिन पाइपने धुतलं मी."

सासऱ्यांनी मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या. चूक कबूल करायला मोठेपणा लागतो. मी तुम्हाला माफ केलं."

जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून पदराचा वारा थांबला.

"अहो, जनाची नाही तर मनाची तरी," सासूबाई म्हणाल्या. "दोन उन्हाळे मी याच गाडीत शिजले. नव्या कॉम्प्रेसरचा खर्च ऐकलात, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्हाला जावयाचा पुळका आला."

बायकोने तोंड खिडकीकडे वळवलं, पण तिचे खांदे हलत होते. सिग्नल सुटला. सासऱ्यांनी नजर समोरच्या ट्रकवर खिळवली.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "काच जरा खाली घ्या. आणि घरी गेल्यावर माझा चष्मा बघा बरं, दांडी सैल झालीये. तुमच्या हाताला गुण आहे."