खरखरीचं संरक्षण

आमच्या वसाहतीत पंपघराच्या मागे गुडघ्याएवढं एक रानझुडूप होतं आणि त्याला कोणाकडूनही धोका नव्हता. बाब गंभीर असल्यामुळे समिती स्थापन करावी लागली.

झुडपाची पानं पॉलिश पेपरसारखी, म्हणून मुलं त्याला खरखरी म्हणत आणि त्यावर नखं घासत. निवृत्त शिक्षिका, म्हणजे सगळ्यांच्याच बाई, रविवारी मुलांना तिथं उकिडवं बसवून पानाखालची अंडी दाखवत. त्यांतून निघणारी अळी फक्त हीच पानं खाते, दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही, हे माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं मला घरी येऊन तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी ऐकलं आणि वसाहतीच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. चूक माझीच, हे आधीच कबूल करून टाकतो.

अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. रिकामं घर त्यांना खायला उठत होतं. आठवड्याभरात ‘स्थानिक वनस्पती संरक्षण व बालनिसर्गशिक्षण स्वयंसेवक समिती’ उभी राहिली, साठ हिरव्या टोप्या शिवून आल्या आणि चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत असं निदर्शनास आलं की झुडपाला सर्वाधिक धोका मुलांपासून आहे, कारण तिथं दुसरं कोणी फिरकतच नाही. सबब मुलांना मज्जाव करून जाळीचं कुंपण घालण्यात आलं. बाईंकडे निसर्ग शिकवण्याचं प्रमाणपत्र नसल्याचंही उघडकीस आलं, म्हणून त्यांना प्रशिक्षणाला बसवलं. तिथं अध्यक्षांनी दोन तास झुडपाची माहिती दिली. ती त्यांनी आदल्या दिवशी बाईंनाच विचारून वहीत उतरवून घेतली होती. बाईंनी ती मुकाट्यानं ऐकली आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या.

मग तणनिर्मूलन मोहीम निघाली. तणानं खरखरीचा गळा घोटू नये म्हणून चाळीस स्वयंसेवक खुरपी घेऊन कुंपणात उतरले. जागा दोन चटयांएवढी. खरखरी कोणती, हे चाळिसांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारावं तर अब्रू जाणार. तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उपटलं. कोणीतरी कुंडीतून काढून फेकलेलं एक विलायती रोप तिथं रुजलं होतं, तुकतुकीत पानांचं, गुलाबी फुलांचं. संरक्षण करण्यासारखं तेवढंच दिसत होतं, म्हणून ते राखलं आणि त्याच्यापुढं सिमेंटमध्ये फलक रोवला : ‘खरखरी. स्थानिक वनस्पती. हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी मुलीनं जाळीतून दोन बोटं आत घातली.

“बाबा, ही खरखरी नाहीये. नख सरकतंय,” ती म्हणाली.

कोणी बघत नाही असं पाहून मीही घासून बघितलं. सरकत होतं. मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि फलक पक्का बसलाय का, एवढंच विचारलं. पक्का आहे म्हटलं.

“मग तीच खरखरी,” ते म्हणाले.

महिन्याअखेरीस बालनिसर्ग परीक्षा झाली. कुंपणातल्या वनस्पतीचं नाव लिहा, असा प्रश्न होता. सगळ्या मुलांनी फलक वाचून उत्तर लिहिलं. माझ्या मुलीनं लिहिलं, ‘नाव माहीत नाही, पण खरखरी नाही.’ तिला शून्य मिळालं. गुणपत्रिकेवर चिटणीस म्हणून सही माझीच. मला मनापासून लाज वाटली, सही मात्र नेहमीसारखीच वळणदार आली.

मुलगी रडली नाही. “पण बाबा, तूपण नख घासून बघितलं होतंस ना?” एवढंच तिनं विचारलं. मी वर्तमानपत्र उघडलं.

तरीही गेल्या आठवड्यात ती मला हाताला धरून जिन्याखाली घेऊन गेली. तिथं फुटक्या बादलीत खरखरी उभी होती. मोहिमेच्या दिवशी उपटलेल्या ढिगातून तिनं आणि बाईंनी ती शोधून आणली होती. मोजून आठ पानं, आणि एका पानाखाली तीन अंडी. बाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, प्रमाणपत्राशिवाय. माझे डोळे भरून आले.

“समितीत बोलायचं नाही हं,” बाई म्हणाल्या. मुलीनं तर माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथच घ्यायला लावली.

ती मी पाळली आहे. समितीत अवाक्षर काढलेलं नाही. सांगतो आहे ते फक्त तुम्हाला, कारण इथवर वाचलंत म्हणजे तुम्हाला झाडांची खरी कळकळ आहे. मधला जिना, तळाशी डावीकडे, निळी बादली. रविवारी सकाळी या, ओळखीच्या चार जणांनाही आणा. येताना खुरपं तेवढं घेऊन या. टोप्या आमच्याकडे वीस शिल्लक आहेत.